पवनेवरचा फिरता वारा

दुधिवरे खिंड ओलांडून गाडी उताराला लागली की डावीकडे लोहगडाचा कडा, उजवीकडे लांबवर तुंगचा सुळका, समोर तिकोना आणि या तिघांच्या मधे पवनेचं पाणी पसरलेलं दिसतं. सुटीच्या दिवशी इथे येणारा माणूस गाडी बाजूला घेऊन फोटो काढतो. गाडी आम्हीही बाजूला घेतली, पण आमची नजर पाण्याच्या रंगावर होती. मार्चमधली सकाळ होती. धरणाच्या भिंतीकडे पाण्यावर बारीक सुरकुत्या दिसत होत्या, मधला भाग मात्र अगदी थिजलेला. पलीकडे जवणच्या बाजूला कुणीतरी भाताच्या शेतात राब भाजत होतं. त्याचा धूर आधी सरळ वर गेला, मग लोहगडाच्या दिशेने कलला आणि आणखी वर पोचल्यावर पश्चिमेला वळला.

"दोन वारे आहेत," दादा म्हणाला. "खालचा वेगळा, वरचा वेगळा. आज मजा येणार."

दादा माझा मावसभाऊ. शिडाची होडी तो एनसीसीच्या नौदल विभागात शिकला, आणि मी त्याच्याकडून. मागे ट्रेलरवर आमची एन्टरप्राइज होती, निळ्या शिडांची, जेमतेम चार मीटर लांबीची, दोघांनी चालवायची होडी. जॅक होल्ट या इंग्रज आराखडाकाराने १९५६ साली ती आखली आणि आपल्याकडे कितीतरी जणांना शीड पहिल्यांदा कळलं ते याच होडीवर. शर्यत म्हणायची तर मित्रमंडळींची. नाव नाही, करंडक नाही. मुंबई-पुण्याहून आलेल्या सात-आठ होड्या, प्रत्येकीत दोनच माणसं, किनाऱ्यावर एक मोटरबोट तयार आणि अंगात लाइफ जॅकेट नसेल तर पाण्यात पाय घालायचा नाही, एवढा कडक नियम. तो नियम इथे हवाच. पवनेचा काठ वरून शांत दिसतो आणि आत एकदम खोल जातो. पोहता येतं या भरवशावर उतरलेल्या कितीतरी तरुण मुलांचे जीव या पाण्याने घेतले आहेत.

मोठ्या यॉटवर आठ-दहा माणसं असतात. एक सुकाणूवर, एक मोठ्या शिडावर, एक पुढच्या शिडावर, एक नुसता वारा पाहायला, एक नकाशावर. माणसं कमी केली की कामं कमी होत नाहीत, ती उरलेल्यांच्या अंगावर येतात. समुद्रावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत दोघांच्या किंवा एकट्याच्या नौकांचा वेगळा विभागच असतो, आणि तिथे जिंकणारे बहुतेक वेळा सर्वांत ताकदवान नसतात. कोणतं काम आत्ता सोडून द्यायचं हे ज्यांना कळतं, ते पुढे जातात.

आपल्याकडे या विद्येची परंपरा अलीकडची असली तरी भक्कम आहे. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात पृथ्वीला वळसा घालून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' ही शिडाची नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. त्याच 'म्हादेई'वर अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने जग फिरून आले. पुढे २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली, तरी २०२२ मध्ये ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि दुसरे आले. आणि दोघांची गोष्ट सांगायची तर लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांची. २ ऑक्टोबर २०२४ ला 'तारिणी' घेऊन या दोघी गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परत आल्या. मधले जवळपास आठ महिने एक झोपली की दुसरी जागी, असा संसार. छोट्या होड्यांतल्या जोड्यांचंही आपल्याकडे नाव आहे. १९८२ च्या आशियाई खेळांत शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या होत्या. तिथे फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. १९९३-९४ चा खेलरत्न पुरस्कारही होमी मोतीवाला आणि पुष्पेंद्रकुमार गर्ग या जोडीला विभागून मिळाला. ही नावं क्रिकेटच्या गर्दीत हरवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

समुद्र सोडून मावळात शीड उभारायला का यायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझं उत्तर असं, की समुद्रावरचा वारा रुंद असतो. तो फिरतो तेव्हा सगळ्यांसाठी साधारण सारखाच फिरतो. डोंगरांनी वेढलेल्या पाण्यावर मात्र पन्नास पावलांवरच्या दोन होड्यांना दोन वारे मिळतात. खिंडीतून आलेला वारा जोर धरतो, सुळक्याच्या आडोशाला तो मरतो, आणि हा आडोसा टेकडीच्या उंचीच्या कित्येक पट लांबपर्यंत पाण्यावर पडतो. काठ ओलांडून पाण्यावर येताना वारा थोडा वळतो. दुपारी उन्हाने खडक तापले की तिथली हवा वर उठते आणि पाण्यावरची हवा काठाकडे ओढली जाते. हे सगळं पुस्तकात वाचता येतं, पण इथे ते समोर घडताना दिसतं.

आणि मावळ समुद्रापासून तुटलेला कधी नव्हताच. मान वर केली की दिसणारा हा लोहगड १७१३ मध्ये सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यात होता. पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्या कैदेत होते. शाहू महाराजांनी मग बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं देऊन कान्होजींकडे पाठवलं आणि १७१४ मध्ये दोघांचा तह झाला तो याच लोणावळ्याच्या परिसरात. ज्यांच्या गुराबा आणि गलबतं कोकणच्या किनाऱ्यावर फिरत होती, त्या दर्यावर्दीचं राजकारण घाटमाथ्यावर ठरलं. आजही नौदलाच्या अभियंत्यांचं शिक्षण लोणावळ्यालाच होतं, १५ फेब्रुवारी १९४५ ला सुरू झालेल्या 'शिवाजी' या तळावर.

ठाकूरसाईच्या काठाला होडी उतरवली तेव्हा पाणी बरंच खाली गेलेलं होतं. ओल्या गाळाचा रुंद पट्टा तुडवत होडी न्यावी लागली. उन्हाळा चढतो तसं या पाण्याखालचं जुनं वाघेश्वराचं दगडी देऊळ वर येतं, त्याचे खांब उघडे पडतात. धरण १९७२ मध्ये पुरं झालं, नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली आणि ज्यांची गेली त्यांच्यातल्या अनेकांचा पुनर्वसनाचा झगडा पुढच्या पिढीपर्यंत पोचला. या धरणाचं साडेआठ टीएमसी पाणी मुख्यतः पिंपरी-चिंचवडची तहान भागवतं. ते बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी रस्त्यावर आले, आणि ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. आपण ज्या पाण्यावर खेळायला आलो आहोत त्याची ही किंमत आहे. ती ठाऊक नसताना इथे शीड उभारू नये, असं मला वाटतं.

काठावर एक मामा जाळं झाडत बसले होते. दादाने राम राम केला, वाऱ्याचं विचारलं.

"सकाळचं ह्ये वारं काय खरं न्हाई," मामा म्हणाले. "बाराला समदं बंद हुतंय. दोन वाजायच्या आत दुसरं यायचं न्हाई. आलं की मग आधी खिंडीकडनं येतं, मागनं तुंगाकडनं. मधी तुंगाच्या पुढ्यात जाऊ नका ताई, तिथं नुस्तं गरगर फिरतं."

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेला माणूस इथे त्यांची घाटावरची आवृत्ती पाहतो. रात्री डोंगरउतारावरची हवा गार होऊन खाली पाण्याकडे सरकते. सकाळी पूर्वेचा मंद वारा असतो. कोकण तापलं की अरबी समुद्रावरची हवा आत ओढली जाते आणि दुपारनंतर घाट चढून मावळात शिरते. या दोन वाऱ्यांच्या मधे एक पोकळी असते. आमची शर्यत नेमकी त्या पोकळीतून जाणार होती. आखणी साधी होती: ठाकूरसाईसमोरून सुटायचं, वाऱ्याच्या उलट पूर्वेला धरणाच्या बाजूच्या बोयाला वळसा घालायचा, तिथून वारा पाठीवर घेऊन थेट तुंगच्या बाजूचा बोया, आणि मग परत मधल्या रेषेवर शेवट.

सुटताना दादाने कामं वाटून दिली, नेहमीसारखीच. सुकाणू आणि मोठ्या शिडाची दोरी त्याच्याकडे. पुढचं शीड, होडीखाली पाण्यात उतरणारी सेंटरबोर्डची फळी, होडी सपाट ठेवण्यासाठी शरीराचं वजन आणि डोळे माझ्याकडे. "मी आत बघणार, तू बाहेर," तो म्हणाला. "मला शीड दिसेल, धागे दिसतील. बाकी जग तुझं."

धागे म्हणजे डोलकाठीच्या ताणतारांना बांधलेले लोकरीचे तुकडे. शिडावरही तसेच दोन चिकटवलेले असतात. शिडाच्या दोन्ही अंगांचे धागे मागे सरळ वाहत असतील तर होडी खुशीत आहे. आतल्या अंगाचा धागा फडफडला तर आपण वाऱ्यात फार तोंड घातलं, बाहेरच्या अंगाचा लोळला तर फार पाठ फिरवली. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही. साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन राखून तिला एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असं नागमोडी चढावं लागतं. प्रत्येक वळणाला वेग मरतो. म्हणून वळायचं कधी, हाच सगळा प्रश्न.

पूर्वेचा तो वारा झुलता होता. थोडा वेळ उत्तरेकडून, थोडा वेळ दक्षिणेकडून, पण मधल्या एका दिशेभोवतीच फिरणारा. असा वारा असताना हिशेब सोपा असतो: वारा आपल्याला बोयाच्या जवळ नेत असेल तोवर चालत राहायचं, आणि तो फिरून नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, बोयापासून दूर ढकलू लागला की वळायचं. मी तिकोन्याच्या पायथ्याशी एक झाड खुणेला धरलं होतं. नाळ त्या झाडाच्या उजवीकडे सरकली की मी म्हणायचे, "दादा, पडतोय." तो म्हणायचा, "तयार?" मी दोरी सैल करून म्हणायचे, "तयार." सुकाणू फिरलं की बूम, म्हणजे मोठ्या शिडाची खालची दांडी, डोक्यावरून जायची, आम्ही दोघं वाकून दुसऱ्या काठावर बसायचो आणि मी पुढचं शीड नव्या बाजूला ओढायचे. शीड भरल्याचा टप्प असा आवाज आला की वळण नीट जमलं. दोघांची होडी चांगली चालते तेव्हा तिच्यावर फार बोलणं होत नाही. 'तयार', 'येतोय', 'गेला', एवढ्यात भागतं. धरणाच्या बाजूचा बोया आम्ही तिसऱ्या क्रमांकाने घेतला.

आणि वारा पाठीशी घेऊन तुंगच्या दिशेने अर्धं अंतरही कापलं नसेल, तोच मामांनी सांगितलेले बारा वाजले. शिडं लोंबली. पाणी गुळगुळीत झालं. मागच्या होड्या हळूहळू आमच्यापर्यंत आल्या आणि सगळ्या एकाच ठिकाणी उभ्या राहिल्या. अशा वेळी नवशिके हलतात, शीड ओढतात, सुकाणू वल्ह्यासारखं मारतात. तसं सुकाणू मारणं नियमातही बसत नाही. खरं काम असतं ते न हलण्याचं. होडी किंचित कलती ठेवायची, म्हणजे शीड स्वतःच्या वजनाने आकार धरतं आणि बारीकशी झुळूकसुद्धा त्यात मावते. मी नाळेजवळ अंग चोरून बसले. उन्हात पाठ भाजत होती, पाण्याच्या बाटल्या संपत आल्या होत्या, आणि तरीही नजर काढायची नव्हती.

नजर कुठे ठेवायची? पाण्यावर काळपट पट्टा दिसला तर वारा जवळ आला असं समजायचं, पण लहान होडीला तेवढा अवधी पुरत नाही. आधी सांगतात ते काठ. खिंडीच्या उतारावरचं वाळलेलं गवत, रस्त्याकडेच्या एखाद्या मंदिराचा भगवा, घारी. कामशेतच्या बाजूला आकाशात पॅराग्लायडरची एक छत्री दिसत होती. ती बराच वेळ एका जागी गिरक्या घेत होती, म्हणजे तिथे हवा नुसती वर जात होती. मग ती सरळ रेषेत पुढे सरकू लागली.

खिंडीच्या बाजूला सगळ्यांत कडेला असलेल्या होडीत कॉलेजातल्या दोन मुली होत्या. पुढे बसलेली मुलगी एवढ्या वेळात एकदाही होडीत डोकावली नव्हती. तिने हात वर करून काहीतरी दाखवलं आणि मागच्या मुलीने होडी उत्तरेला, लोहगडाच्या काठाकडे वळवली. तिथे वाऱ्याचा मागमूस नव्हता, निदान आम्हाला दिसत नव्हता. मामांचे शब्द दादाच्याही मनात होते. "आधी खिंडीकडनं," तो पुटपुटला, आणि उरलीसुरली झुळूक वापरून आम्हीही त्याच बाजूला सरकू लागलो. बाकीच्या होड्या बोयाच्या सरळ रेषेत, तुंगच्या पुढ्यात राहिल्या.

वारा आला तो त्या मुलींवर आधी. त्यांचं शीड एकदम भरलं आणि होडी कलली. मग काळा पट्टा धावत आमच्याकडे आला. "येतोय!" मी ओरडले आणि दोन्ही पाय पट्ट्यात अडकवून पाठ पाण्यावर झोकून दिली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. पुस्तकातलं हे वाक्य हाताच्या तळव्यांना कळतं. दोरी बोटांतून सरकू पाहत होती. अशा झोतांच्या वाऱ्यात ती खोबणीत अडकवून ठेवायची नसते, कारण पुढचा झोत आला आणि ती क्षणात सोडता आली नाही तर होडी आडवी होते. म्हणून बोटं कितीही दुखली तरी दोरी हातातच. दादाने मोठं शीड वीतभर सैल केलं, होडी सपाट झाली, त्याने पुन्हा ओढलं आणि होडी पुढे झेपावली. सकाळी जो पल्ला वारा पाठीवर घेऊन जायचा होता, तो आता वाऱ्याच्या उलट चढायचा झाला होता. सगळी आखणी उलटी.

हा वारा झुलता नव्हता. तो दर काही मिनिटांनी आणखी थोडा पश्चिमेकडे सरकत होता आणि परत येत नव्हता. सकाळचा हिशेब इथे चालत नाही. वारा एकाच बाजूला सरकत असेल तर तो जिकडे चालला आहे त्या बाजूला आधी पोचायचं आणि मग वळायचं. दादाने विचारलं, "परत येतोय का?" मी लोहगडाच्या विंचूकाट्याच्या सोंडेकडे आणि खिंडीकडे पाहत होते. "नाही," मी म्हणाले, "जातोच आहे." एवढ्या दोन शब्दांवर त्याने वळण घेतलं. त्याला स्वतः पाहायला सवड नव्हती, आणि मला सुकाणूवर काय चाललंय ते पाहायला नव्हती. मला या खेळात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच, की दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर आपण आपली होडी टाकतो.

तुंगच्या पुढ्यात थांबलेल्या होड्या मामांनी सांगितल्याप्रमाणे गरगर फिरत होत्या. एकीचं शीड डावीकडे भरलेलं, तिच्या शेजारणीचं उजवीकडे. एक आडवी झाली. तिच्यातले दोघं सेंटरबोर्डवर चढून ती सरळ करत होते आणि मोटरबोट जवळ जाऊन थांबली होती. त्यांनी हात हलवून ठीक असल्याचं सांगितलं तेव्हा कुठे आम्ही नजर पुन्हा पुढे वळवली. मुलींनी बोया आमच्या बऱ्याच आधी घेतला आणि शेवटच्या रेषेपर्यंत त्यांना कुणी गाठू शकलं नाही. दुसरे आम्ही.

संध्याकाळी काठावर पिठलं-भाकरी आणि इंद्रायणीचा भात होता. होड्या ट्रेलरवर चढवून झाल्या होत्या, शिडांच्या घड्या घालून झाल्या होत्या, आणि सगळे आपापल्या हातातली भाकरी विसरून दुपारच्या त्या वाऱ्यावर भांडत होते. कुणी म्हणे तो आधी तुंगकडून आला, कुणी म्हणे खिंडीतून. मामाही येऊन बसले होते आणि मान हलवत होते. दादाने त्या पुढे बसणाऱ्या मुलीला विचारलं, "तुला आमच्याआधी कसं दिसलं गं? पाण्यावर तर काहीच नव्हतं."

"पाणी बघतच नव्हते," ती म्हणाली. "खिंडीच्या खाली एक राब पेटला होता. त्याचा धूर सकाळपासून पश्चिमेला जात होता. मग सरळ वर गेला आणि मग आमच्याकडे यायला लागला."

"तो आमचाच राब," मामा म्हणाले. "म्होरल्या टायमाला सांगा, अजून दोन पेटवू."